परदेशी भाषेत स्वतंत्र रिसर्च प्रोजेक्ट करायचाय? विषय शोधण्यापासून व्हायवापर्यंत

एम.ए. जर्मन, फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन यातलं काहीही करत असाल आणि शेवटच्या वर्षात गाइडच्या हाताखाली स्वतःचा रिसर्च प्रोजेक्ट करायची वेळ आली असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. नवीन शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न बी.ए.वाल्यांनाही पडायला लागलाय, कारण चार वर्षांच्या डिग्रीत पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च घेता येतं आणि यूजीसीच्या आराखड्यात त्या प्रोजेक्टला १२ क्रेडिट आहेत. अमेरिकेत शिकणारी आपली मुलं याला इंडिपेंडंट स्टडी म्हणतात, जर्मनीत मास्टरआर्बाइट, फ्रान्समधे मेम्वार. नावं वेगळी पण काम तेच, रोजचा वर्ग नाही, छापील सिलॅबस नाही, एक प्रश्न तुमचा आणि अधूनमधून भेटणारे एक सर किंवा मॅडम.

माझं सांगणं मुळात एकच आहे. विषय डोक्यातून काढू नका, मजकुरातून काढा. आधी मूळ भाषेतला, तुमच्या हाताशी येणारा आणि दिलेल्या वेळात वाचून संपेल एवढा मजकूर शोधा आणि मग त्याला प्रश्न विचारा. बहुतेक जण उलट करतात, आधी भारदस्त विषय ठरवतात, प्रपोजल मंजूर होतं, आणि मग सेमिस्टर निम्मं संपल्यावर कळतं की लागणारी पुस्तकं लिपझिगच्या लायब्ररीत आहेत किंवा चार हजार पानांची आहेत किंवा त्यावर आधीच लोकांनी आयुष्य घालवलंय. मग जे काही इंग्रजीत मिळेल ते वाचून प्रोजेक्ट पुरा होतो आणि पाच-सहा वर्षं जी भाषा शिकलो ती त्यात कुठेच दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विषय कसा काढायचा

'जर्मन साहित्यातली भारताची प्रतिमा', 'फ्रेंच कादंबरीतली स्त्री', 'मराठीतले पोर्तुगीज शब्द', असले विषय दरवर्षी कोणीतरी घेऊन येतंच. शेवटचंच घ्या. बटाटा, पाव, पगार, चावी हे सगळ्यांना माहीत आहे आणि सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोव्याच्याच माणसानं १९१३ साली आशियाई भाषांवरच्या पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचं अख्खं पुस्तक काढलंय, वर १९१९ ते १९२१ मधे मोठा कोशही दिलाय. त्याच्यापुढे एका सेमिस्टरमधे तुम्ही काय घालणार? पण हाच विषय जर एका विशिष्ट मजकुरावर आणला, समजा एका ठरावीक दशकातल्या गोव्यातल्या एका मराठी नियतकालिकाचे अंक घेतले आणि कारभाराबद्दल, कोर्टाबद्दल लिहिताना लेखक पोर्तुगीज शब्द तसाच ठेवतो का, मराठी प्रतिशब्द देतो का, दोन्ही देतो का हे बघितलं, तर ते काम नवीन आहे आणि संपणारंही आहे.

एक उदाहरण नीट उलगडून दाखवते, जर्मनचं. समजा तुम्हाला भारत आणि जर्मनी यांच्यावर काहीतरी करायचंय. रवींद्रनाथ टागोरांना १९१३ साली नोबेल मिळालं, जर्मनीत त्यांची पुस्तकं कुर्ट वोल्फ या प्रकाशकानं काढली आणि १९२१ मधे ते स्वतः जर्मनीला गेले, तेव्हा जून महिन्यात डार्मश्टाटला हेर्मान केसरलिंग या तत्त्वज्ञानं त्यांच्यासाठी खास सप्ताह भरवला होता. आता 'टागोर आणि जर्मनी' हा विषय नाही, तो नुसता प्रदेश झाला. पण 'जून १९२१ मधे दोन-तीन जर्मन शहरांतल्या वर्तमानपत्रांनी टागोरांच्या भेटीबद्दल काय छापलं' हा विषय होतो, कारण त्याला महिना आहे, जागा आहे, मजकुराला हद्द आहे. डॉइचेस त्साइटुंगस्पोर्टाल नावाचं जुन्या जर्मन वर्तमानपत्रांचं पोर्टल २०२१ पासून सगळ्यांना फुकट उघडं आहे आणि त्यात शब्द टाकून शोधता येतं, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं आन्नो पण तसंच आहे, म्हणजे नांदेडला बसूनसुद्धा हे काम होऊ शकतं.

मजकूर हातात आला की मग प्रश्न. 'जर्मनांना टागोर कसे वाटले' हा प्रश्न फार पसरट आहे. त्याऐवजी असं विचारा की बातमीत त्यांच्या कवितांबद्दल किती लिहिलंय आणि त्यांच्या दिसण्याबद्दल, झग्याबद्दल, दाढीबद्दल किती? त्यांना कवी म्हटलंय की ऋषी की पूर्वेचा दूत? हे शब्द कोणत्या पेपरात येतात, डाव्या की उजव्या? नुकतंच युद्ध हरलेल्या देशात लोकांना या पाहुण्याकडून काय हवं होतं ते या शब्दांतून कुठे दिसतं का? अशा प्रश्नाचं उत्तर मजकुरात बोट ठेवून दाखवता येतं आणि उत्तर तुमच्या अंदाजाच्या उलटंही येऊ शकतं. उत्तर आधीच माहीत असेल आणि नुसती उदाहरणं गोळा करायची असतील तर तो रिसर्च नाही.

विषय पक्का करण्याआधी शोधगंगेवर नक्की बघा, भारतातल्या पीएचडी तिथे आहेत, आपल्या डिपार्टमेंटच्या जुन्या डिझर्टेशन्स कपाटात असतील त्याही चाळा. आणि एक टेस्ट करा जी कोणी करत नाही: मूळ मजकुराची पाच पानं घ्या, डिक्शनरी घेऊन बसा, घड्याळ लावा आणि समजून वाचायला किती वेळ लागतो बघा, मग एका पानाला किती पडला ते काढून त्याला एकूण पानांनी गुणा. बी टू म्हणजे मधल्याच्या वरची पातळी असलेल्याला जुनं गद्य वाचताना एका पानाला अर्धा तास सहज लागतो. चारशे पानांची कादंबरी म्हणजे दोनशे तास नुसतं वाचन झालं, त्यात विचार नाही, लिखाण नाही. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका ईसीटीएसला २५ ते ३० तास धरतात, ३० क्रेडिटचा मास्टर थेसिस म्हणजे ७५० ते ९०० तासांचं काम. आपल्याकडे चार-सहा क्रेडिटच्या प्रोजेक्टला तेवढा वेळ कुठून आणणार? त्यामुळे आपला मजकूर त्या मानानं छोटाच पाहिजे. एक कथासंग्रह, एका लेखकाची एका वर्षातली पत्रं, एका पेपरचे तीन महिने, एक नाटक आणि त्याची दोन भाषांतरं, एवढंच.

मराठी येतं ना, ते वापरा

आपली मुलं युरोपियन भाषेत रिसर्च करताना मराठी दाराबाहेर ठेवून येतात, हे मला अजिबात पटत नाही. पॅरिसमधला किंवा बर्लिनमधला विद्यार्थी जे करू शकत नाही ते तुम्ही करू शकता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेली नियतकालिकं निघत होती. एकच बातमी दोन भाषांत कशी वेगळी लिहिली जाते हे बघायला दोन्ही वाचता आल्या पाहिजेत, आणि असे लोक जगात फार नाहीत. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय आहे, त्याची सुरुवात १८३२ सालची, तिथे जुनी वर्तमानपत्रं आहेत. पुराभिलेख खातं पण पणजीतच आहे, पर्वरीला इतिहास संशोधनाचं झेवियर सेंटर आहे. जायच्या आधी फोन करून वेळ, सुट्ट्या, कोणतं पत्र लागतं, फोटो काढू देतात का हे विचारून घ्या. डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर गाइडचं पत्र न्यायचंच, ते नसेल तर अर्धा दिवस त्यातच जातो.

फ्रेंचवाल्यांसाठी झ्यूल ब्लोक हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आहे. मराठी भाषेच्या घडणीवरचं त्याचं पुस्तक १९२० साली पॅरिसमधे फ्रेंचमधून निघालं आणि पुढे वासुदेव गोपाळ परांजप्यांनी ते मराठीत आणलं. त्यातलं एकच प्रकरण घ्या, समजा ध्वनींचं, आणि फ्रेंच पारिभाषिक शब्दांना परांजप्यांनी मराठीत काय काय घडवलं, कुठे संस्कृतकडे गेले, कुठे सरळ समजावून सांगितलं ते बघा. ज्याला फ्रेंच, मराठी आणि थोडं भाषाशास्त्र येतं त्यालाच हे जमणार. जर्मनवाल्यांना ब्रेश्टची मराठी रूपं आहेत, पण पुण्यात त्यावर बरंच काम झालंय, घ्यायचंच असेल तर एका नाटकातल्या फक्त गाण्यांवर करा.

गाइड

गाइड निवडताना नाव किती मोठं यापेक्षा तीन गोष्टी बघा. मूळ मजकूर ज्या भाषेतला आणि ज्या काळातला आहे तो त्यांना वाचता येतो का. या सेमिस्टरला त्यांच्याकडे आधीच किती विद्यार्थी आहेत. आणि ते लिखाण परत देताना त्यावर काही खुणा करतात का. शेवटचं सीनियर्सना विचारून कळतं. विषय दोन डिपार्टमेंटच्या मधला असेल, म्हणजे गोव्याचा इतिहास आणि पोर्तुगीज असं काही, तर भाषेचा गाइड एक आणि इतिहासाच्या कोणालातरी को-गाइड म्हणून विचारायला हरकत नाही, पण सही कोण करणार आणि मार्क कोण देणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्या.

पहिल्यांदा भेटायला जाताना 'मॅडम, मला तुमच्याकडे प्रोजेक्ट करायचाय, विषय तुम्हीच सांगा' असं जाऊ नका. मूळ मजकुराची दोन पानं प्रिंट काढून घेऊन जा, त्यावर पेन्सिलनं तुमच्या खुणा असू द्या, आणि तुमचे दोन-तीन प्रश्न एका कागदावर. कितीही बिझी मॅडम असल्या तरी असा कागद समोर आला की थांबून बघतातच, कारण शिकवणाऱ्याला यापेक्षा जास्त आनंद कशात नसतो.

बाहेर शिकत असाल तर पद्धती वेगळ्या. अमेरिकेत इंडिपेंडंट स्टडीचा फॉर्म असतो, त्यावर प्रोफेसरची सही आणि सेमिस्टरच्या सुरुवातीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. शिवाय बऱ्याच ठिकाणी प्रोफेसर हे काम आपल्या नेहमीच्या शिकवण्यावर जास्तीचं म्हणून करतात, तेव्हा त्यांचा वेळ जपून वापरा. जर्मनीत श्प्रेखश्टुंडं म्हणजे भेटायची ठरलेली वेळ असते, बहुतेक वेळा आधी नाव नोंदवावं लागतं, आणि मेलमधे आपलं 'रिस्पेक्टेड सर' चालत नाही, 'झेअर गेएर्टं फ्राउ प्रोफेसोर' असं आडनावासकट पूर्ण लिहायचं आणि 'झी' म्हणजे आदरार्थी 'आपण' सोडायचं नाही जोपर्यंत समोरून 'डू' म्हणजे 'तू' येत नाही. तिथे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत आणि जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत लेक्चर्स नसतात, फ्रान्समधे ऑगस्टमधे कोणी मेलला उत्तर देईल ही आशाच सोडा, त्यामुळे कॅलेंडर बघून सह्या आणि भेटी आधीच उरका.

प्रपोजल, दोनच पानं

जर्मन विद्यापीठांत याला एक्स्पोझे म्हणतात आणि ते लिहायला लावतात हे फार चांगलं करतात. तुमच्या कॉलेजात मागत नसतील तरी लिहा. एका वाक्यात प्रश्न. कोणता मजकूर, किती पानं, कुठे मिळतो. आधी कोणी काय लिहिलंय, त्यातली महत्त्वाची पाच-सहा नावं. तुम्ही मजकुराचं नेमकं काय करणार, नुसतं 'विश्लेषण करणार' असं नाही तर विशेषणं मोजणार, दोन भाषांतरं ओळीला ओळ लावून बघणार, जे काय असेल ते. मग आठवड्यांचं वेळापत्रक आणि शेवटी हातात काय देणार, किती शब्द, कोणत्या भाषेत. थेसिसची भाषा हा मुद्दा फार जण शेवटपर्यंत विचारत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच डिपार्टमेंटमधे तो त्याच परदेशी भाषेत लिहावा लागतो, काही ठिकाणी इंग्रजी चालतं, तर हे आधी लेखी घ्या. गाइडकडून किती दिवसांनी भेटायचं आणि मार्क कशावर मिळणार हेही त्याच कागदावर येऊ द्या.

पंधरा आठवडे धरले तर पहिले तीन मजकूर गोळा करायला, पुढचे चार-पाच वाचून उतरवून घ्यायला, मग लिखाण, आणि शेवटचे दोन पूर्ण मोकळे ठेवायचे. ते मोकळे राहत नाहीतच, म्हणूनच ठेवायचे.

मूळ मजकूर शोधणं आणि वाचणं

इथेच खरं काम आहे आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या.

फ्रेंचसाठी गालिका, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची डिजिटल लायब्ररी, १९९७ पासून आहे आणि अफाट आहे. पोर्तुगीजसाठी लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल दालन आणि लिस्बन महापालिकेची हेमेरोतेका दिजिताल, म्हणजे जुन्या नियतकालिकांचा डिजिटल संग्रह. स्पॅनिशला माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची हेमेरोतेका आणि आलिकान्तेची मिगेल दे सर्व्हान्तेस लायब्ररी. रशियनला राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे शब्द टाकून शोधता येणारा मजकुरांचा संग्रह. जर्मनला वर सांगितलेलं पोर्टल, शिवाय डॉइचेस टेक्स्टआर्खीव, आणि शब्दांसाठी डीडब्ल्यूडीएस हा ऑनलाइन कोश, ज्यात एखादा शब्द कोणत्या दशकात किती वापरला गेला त्याची रेषा दिसते. कुठल्याही आल्यागेल्या साइटवरून कॉपी केलेला मजकूर थेसिसमधे चालत नाही, हे लक्षात ठेवा. ज्या साइटवर मूळ पानाचा स्कॅन दिसतो आणि कोणती आवृत्ती, कोणतं वर्ष ते लिहिलेलं असतं तीच घ्या, कारण अशाच मजकुराचा पान नंबर देता येतो.

शोधताना आधी एक गोष्ट समजून घ्या. जुन्या मजकुरात आजचं स्पेलिंग टाकून शोधलं तर काहीच मिळत नाही आणि मग विद्यार्थी म्हणतात 'यावर मटेरियलच नाही मॅडम'. मटेरियल असतं, स्पेलिंग जुनं असतं. जर्मनमधे १९०१ च्या परिषदेआधी दार, दरी या शब्दांत टी नंतर एच लिहायचे. पोर्तुगीजमधे १९११ च्या सुधारणेआधी फार्मसी पी-एच नं आणि थिएटर टी-एच नं होतं, त्यामुळे गोव्यातला एकोणिसाव्या शतकातला कुठलाही पेपर शोधताना जुनं स्पेलिंग टाकायलाच हवं. फ्रेंचमधे १८३५ च्या अकादमी कोशाआधी 'एते' (était, म्हणजे 'होता') या भूतकाळी क्रियापदात ए-आय च्या जागी ओ-आय दिसेल. रशियनमधे तर १९१८ च्या सुधारणेत काही अक्षरंच गेली. म्हणून आपल्या मुख्य शब्दांची एक यादी करा, प्रत्येकासमोर त्या काळातली सगळी स्पेलिंगं, आणि प्रत्येक साइटवर सगळी टाकून बघा.

जर्मनवाल्यांना आणखी एक, फ्राक्टुर. १९४१ सालच्या सरकारी हुकुमापर्यंत जर्मन छपाईत ही टोकदार लिपी सर्रास होती, त्यामुळे १९२१ चे बरेचसे पेपर त्यातच आहेत. पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं पण दोन आठवडे रोज एक पान मोठ्यानं वाचलं की डोळे सरावतात. मुख्य घोळ लांब 'एस' आणि 'एफ' चा. दोन्ही उभ्या दांड्याच दिसतात, फरक एवढाच की 'एफ' ची आडवी रेघ दांडी ओलांडून उजवीकडे जाते आणि लांब 'एस' ची डावीकडेच थांबते. कॉम्प्युटरला हा फरक नेहमी कळतोच असं नाही, आता बरंच सुधारलंय तरी चुका राहतात. आता टागोरांचंच घ्या. बातमीत 'ओस्टेन' म्हणजे पूर्व हा शब्द येणारच, पण मशीननं तो 'ओफ्टेन' वाचला असेल, 'गाइस्ट' चं 'गाइफ्ट' झालं असेल, 'माइस्टर' चं 'माइफ्टर'. म्हणजे 'पूर्व' शोधलं तर शून्य उत्तरं आणि समोर पान भरून पूर्वच पूर्व. अशा वेळी चुकीचं रूप टाकून पण शोधायचं. मोठ्या अक्षरांत 'बी' आणि 'व्ही', 'एन' आणि 'आर' यांचाही असाच गोंधळ होतो आणि जर्मनमधे प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, त्यामुळे हे वारंवार येतं.

सापडलेलं प्रत्येक पान स्वतः टाइप करून काढा. हो, स्वतः. मशीनचा मजकूर कॉपी करून दुरुस्त केला तरी चालेल पण ओळ न ओळ स्कॅनशी ताडून. हाताखालून शब्द गेला की तो लक्षात राहतो, आणि उतरवताना जे दिसतं ते नुसतं वाचताना दिसत नाही, एकच विशेषण तीनदा आलंय, बातमी पहिल्या पानावर नाही तर नाटकाच्या जाहिरातींच्या शेजारी छापलीय, असं बरंच काही. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, पेपर, पान अशा क्रमानं ठेवा म्हणजे आपोआप तारखेनं लागतात. संदर्भ साठवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरा, आणि आर्काइव्हचा क्रमांक तिथल्या तिथे लिहून घ्या.

हस्तलिखितांबद्दल माझं मत कडक आहे. एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टमधे जुनी हस्तलिखितं घेऊ नका, गाइडला ते अक्षर येत असेल आणि शिकवायची तयारी असेल तरच घ्या. कुरेंट हे जुनं जर्मन हस्ताक्षर असो किंवा सतराव्या शतकातलं पोर्तुगीज दफ्तर असो, अक्षर लागायलाच महिने जातात. ट्रान्सक्रीबस नावाचं हस्तलिखित वाचणारं टूल मदत करतं पण त्यानं दिलेलं बरोबर आहे की नाही हे ठरवायला तुम्हाला वाचता यायलाच लागतं.

दुय्यम लेखांसाठी, म्हणजे मूळ मजकुरावर इतरांनी लिहिलेल्या लेखांसाठी, जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर नुसतं अकाउंट काढलं तरी महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. सरकारी संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही रिसर्च जर्नल्स वाचायला देणारी सरकारी योजना सुरू झालीय, आपलं कॉलेज त्यात आहे का ते लायब्ररीयन सांगतील. गोएथे इन्स्टिट्यूटची ओनलायं ई-लायब्ररी जर्मनवाल्यांनी घेऊन ठेवावीच. आणि गाइडइतकीच लायब्ररीयनशी ओळख करून घ्या, त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच साइटवर नसतं.

भेटी

दर दोन आठवड्यांनी एक भेट पुरते पण ती रिकाम्या हातानं नको. दोन दिवस आधी दोन-तीन पानं मेल करा, कच्ची असली तरी चालतील, आणि खाली दोन प्रश्न ज्यांची उत्तरं तुम्हाला खरंच हवीत. 'मॅडम बरोबर आहे का?' हा प्रश्न नाही. 'या वाक्यातला कॉन्युंक्टिव्ह मला बातमीदाराचं अंतर राखणं वाटतंय, नुसतं दुसऱ्याचं बोलणं सांगणं पण असू शकतं, कोणतं?' हा प्रश्न आहे (कॉन्युंक्टिव्ह म्हणजे जर्मन क्रियापदाचं एक रूप). भेट झाली की त्याच दिवशी पाच ओळींची मेल टाका, काय ठरलं, पुढच्या वेळी काय आणणार. चार महिन्यांनी 'मी असं कधी म्हटलं?' हा प्रसंग त्यामुळे येत नाही.

काम अडलं असेल तर भेट टाळू नका. मुलं नेमकं तेव्हाच गायब होतात, फोन उचलत नाहीत, आणि गाइड काळजीत. अडलेलं पान घेऊन जा, त्यासाठीच तर गाइड आहेत.

मशीन भाषांतर आणि कॉपी

डीपएल, चॅटजीपीटी सगळेच वापरतात, खोटं कशाला बोलायचं. माझी रेघ अशी आहे की दुय्यम लेख भराभर चाळून कामाचा आहे का बघायला वापरा, पण मूळ मजकूर आधी स्वतः वाचायचा, स्वतः भाषांतर करायचं, आणि मग हवं तर मशीनचं बघायचं. उलट केलंत तर मशीननं सपाट केलेलं वाक्यच तुम्हाला मूळ वाटायला लागतं आणि प्रोजेक्ट ज्या बारकाव्यावर उभा आहे तोच निघून जातो. आपल्या विद्यापीठाचा आणि गाइडचा नियम काय ते विचारा आणि जे वापरलंय ते डिक्लेरेशनमधे लिहा.

प्लेजरिझमचे यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मधे दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० ला वर्षभर थांबावं लागतं आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. नीट संदर्भ दिलेली अवतरणं त्यात धरत नाहीत. पण सॉफ्टवेअरला न सापडणारी एक चोरी आपल्या क्षेत्रात फार चालते, जर्मन किंवा फ्रेंच लेखातला परिच्छेद इंग्रजीत किंवा मराठीत आणून आपला म्हणून द्यायचा. भाषा बदलली तरी विचार ज्याचा त्याचाच आहे, नाव द्यायलाच लागतं.

लिहिताना

प्रस्तावना शेवटी लिहा. सुरुवात मजकुराच्या सगळ्यात चांगल्या पानापासून करा, जिथे तुमचा प्रश्न उघड दिसतो, आणि त्या एका पानावर दोन पानं लिहा. मग पुढचं. लेखकाचं चरित्र, देशाचा इतिहास, सिद्धांताची ओळख यात पहिली वीस पानं घालवायची सवय आपल्याकडे फार आहे, परीक्षकाला त्यातलं सगळं माहीत असतं. त्याला तुमचा मजकूर बघायचाय.

अवतरण मूळ भाषेत, जुन्या स्पेलिंगसकट जसंच्या तसं, आणि थेसिस दुसऱ्या भाषेत असेल तर खाली तुमचं भाषांतर आणि 'भाषांतर माझे' अशी नोंद. छापील भाषांतर वापरलं तर त्या भाषांतरकाराचं नाव. टागोरांच्या उदाहरणात तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण त्यांची पुस्तकं जर्मन वाचकांपर्यंत मुख्यतः इंग्रजीवरून गेली होती, म्हणजे बंगाली, इंग्रजी, जर्मन अशा थरांमधून आलेली ओळ तुम्ही चौथ्या भाषेत नेताय, तर कोणता थर कुणाचा हे वाचणाऱ्याला दिसायला पाहिजे.

परदेशी भाषेत लिहीत असाल तर सरळ त्याच भाषेत विचार करून छोटी वाक्यं लिहा. इंग्रजीत लिहून भाषांतर केलेलं जर्मन पहिल्या पानावरच ओळखू येतं. व्याकरणाच्या चुका गाइड दुरुस्त करतील ही अपेक्षा ठेवू नका, ते त्यांचं काम नाही. एखादा चांगला सीनियर किंवा त्या भाषेचा मित्र शोधा आणि त्याचे आभार नावानिशी माना.

सबमिशन आणि व्हायवा

व्हायवात बहुतेक ठिकाणी त्याच भाषेत बोलावं लागतं. तेव्हा पाठ केलेलं भाषण कामाला येत नाही, आपल्या मजकुरातली तीन अवतरणं मात्र पाठ असू द्या, पान नंबरसकट, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून समजावून सांगायची सवय करा. 'हाच मजकूर का, दुसरा का नाही?' हे विचारतातच. 'तुम्हाला काय सापडलं नाही?' हेही विचारतात, आणि याचं प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला परीक्षक मान देतात. कोणता पेपर डिजिटाइज झालेला नाही, कोणते अंक गहाळ आहेत, हे प्रोजेक्टमधेच एका परिच्छेदात लिहून ठेवलंत तर उत्तर तयारच असतं.

आणि टाइप करून काढलेली ती सगळी पानं लॅपटॉपमधे पडून राहू देऊ नका. कॉपीराइट संपलेला मजकूर असेल तर गाइडला विचारून झेनोडोवर टाका, ती सर्न या युरोपियन संशोधन संस्थेची फाइल ठेवायची फुकट सेवा आहे, तिथे फाइलला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो, म्हणजे संदर्भात देता येतो. सोबत एका पानावर लिहा की कोणत्या पेपरचे कोणते अंक घेतले, स्पेलिंग तसंच ठेवलंय की बदललंय, न लागलेले शब्द कसे दाखवलेत. एक प्रत डिपार्टमेंटच्या लायब्ररीत पेन ड्राइव्हवर द्या, पुढच्या वर्षी जो कोणी हाच काळ घेईल त्याचे पहिले सहा आठवडे वाचतील.